सदतीस पुड्या आणि एक ओढपट्टी

३ सप्टेंबर

ती. अक्कास,

वाकून नमस्कार. कंबर धरली आहे, तेव्हा कागदावरच वाकलो असं समज.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोन केला असता, पण फोन बाहेरच्या खोलीत आणि बाहेरच्या खोलीत तुझी भावजय. शिवाय फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याला तू नुसती "हो हो" म्हणतेस.

काम असं आहे. तू एकतीस वर्षं शाळेत पोरांना कागदकाम शिकवलंस. फोटो चिकटवून, बाजूला चार ओळी लिहून घरच्या घरी चिकटवही करतात, तशी मला करायची आहे. दवाखान्यातून निवृत्त होऊन सात महिने झाले, वेळ जात नाही, म्हणून. दुसरं काही कारण नाही. दुकानात विचारलं तर तिथल्या मुलीने सोनेरी फिती, कागदी फुलं आणि पिसं काढून दाखवली. मी म्हटलं, बाई, मी कंपाउंडर माणूस, मी पिसं लावून कुठे जाऊ? तेव्हा साध्या सामानात, घरातल्या घरात काय होईल ते सांग.

जाता जाता एक बातमी. आमची भिंगरी पुलांची तपासणी करायच्या नोकरीवर समुद्रापलीकडे चालली आहे. दोन वर्षांसाठी. २० ऑक्टोबरला निघते. या वहीशी त्याचा संबंध नाही, सहज कळवलं.

वही २० ऑक्टोबरच्या आत व्हायला हवी.

तुझा धाकटा


८ सप्टेंबर

धाकट्या,

आशीर्वाद घे आणि थापा मारणं बंद कर. संबंध नाही म्हणे, आणि तारीख तीच! तुला लहानपणीही खोटं बोलता येत नव्हतं. बरणी फुटल्याचं आईला कळायच्या आत तूच "मी बरणी फोडली नाही" असं सांगत यायचास. लेकीसाठी करतोस तर लेकीसाठी कर. लाजायचं काय त्यात?

आता लिहून घे. पुठ्ठा विकत आणू नकोस, नव्या शर्टाच्या खोक्यातला घे. पानांसाठी जुन्या कॅलेंडरची पानं, पाठची कोरी बाजू वर. लांब पट्टी कापून तिला पंख्यासारख्या घड्या घाल, एक पुढे एक मागे. दोन्ही टोकांना पुठ्ठा लावला की झाली वही, शिवणकाम नको.

चिकटवायला खळ कर. दोन चमचे मैदा, वाटीभर पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं, चिमूटभर तुरटी टाकायची म्हणजे टिकते. बाजारचा गोंद आणू नकोस, तो एकदा धरला की धरला. खळ वाफेने सुटते. चूक झाली तर माणसाला मागे फिरता येतं, आणि तू कामाला बसणार म्हणजे चूक होणारच.

सगळे फोटो आधी जमिनीवर मांडून बघ. घाई नको.

अक्का


१३ सप्टेंबर

ती. अक्कास,

नमस्कार. तू उंटावरून शेळ्या हाकतेस, इथे शेळीचा जीव जातो.

"दोन चमचे" म्हणजे कुठले चमचे? औषधाचा चमचा पाच मिलिलिटरचा असतो. तुझ्या भावजयीचा भाताचा चमचा मी पाण्याने मोजला, तो सत्तर मिलिलिटरचा निघाला. आणि चिमूट कोणाची? तुझी की माझी? बेचाळीस वर्षांत मी चिमूट हे माप वापरलं नाही. वापरलं असतं तर आमच्या दवाखान्याला बसायला बाकं लागली नसती. शेवटी तराजू काढला. मैदा वीस ग्रॅम, तुरटी अर्धा ग्रॅम. खळ उत्तम झाली. मलमाच्या पातीने लावतो, लोण्यासारखी पसरते. ही विचारते, मैदा जातो कुठे आणि तुम्ही अडगळीच्या खोलीला आतून कडी का लावता? मी म्हटलं, विश्रांती घेतो. तिने कपाळाला हात लावून पाहिला.

पहिले बारा फोटो सगळीकडून खळ लावून पक्के बसवले.

मग तू सांगितल्याप्रमाणे बाकीचे जमिनीवर मांडले. हे आधी करायचं होतं ते माहीत आहे, पण पत्रात तू ते शेवटी लिहिलं आहेस आणि मी पत्र ओळीने पाळतो. तर अक्का, एकशे चौदा फोटो आहेत. भिंगरी एका जागी उभी राहात नसल्यामुळे निम्म्यांत ती पुसट आहे. तिची आई आहे, शेजारीण आहे, शेजारणीचा कुत्रा नऊ फोटोंत आहे. मी एकात आहे. म्हणजे माझं कोपर आहे.

आता खरं सांगतो. महिन्यापूर्वी भिंगरी आईशी बोलत होती, मी दाराबाहेर चपला काढत होतो. ती म्हणाली, "बाबा राहायचे दवाखान्यात, आपल्याकडे फक्त जेवायला यायचे." रागाने नाही म्हणाली. बस उशिरा येते हे सांगावं तशी म्हणाली. मी चपला पुन्हा घातल्या आणि कोपऱ्यापर्यंत चालून आलो. मला तेव्हापासून ते वाक्य खुपतं आहे, आणि मला बोलून काही सांगता येत नाही हे तुला माहीतच आहे.

ती सहा महिन्यांची असताना आम्ही तुझ्याकडे आलो होतो. दाजींनी तुझ्या गॅलरीत फोटो काढला, मी तिला दोन्ही हातांत धरून उभा आहे. तो एकच फोटो. त्याची प्रत तुझ्याकडे आहे, आमची पुरात... म्हणजे नळ फुटला तेव्हा गेली. तेवढा पाठव. वहीचं शेवटचं पान त्याच्यासाठी मोकळं ठेवलं आहे.

तुझा धाकटा


१८ सप्टेंबर

धाकट्या,

बारा फोटो सगळीकडून चिकटवलेस? अरे, फोटोला खळ लावायचीच नसते! जुन्या पाकिटांचे कोपरे त्रिकोणी कापून घ्यायचे, ते कोपरे पानाला चिकटवायचे आणि फोटोची चार टोकं त्यांत खोचायची. फोटो कधीही काढता येतो, पुन्हा बसवता येतो. हे मी मागच्या पत्रात लिहायला हवं होतं. वरातीमागून घोडं आलं खरं, पण आलं ना?

पाकिटाचं आतलं निळं नक्षीचं अस्तर टाकू नकोस, त्याच्या चौकटी छान होतात. पान कोरडं व्हायच्या आत घडी मिटू नकोस. वजन ठेव, रात्रभर. आणि हो, कात्री कागदात फिरवायची नाही, कात्री धरून कागद फिरवायचा. याने गोलाई सुरेख येते. गोलाईचं सांगायचं तर पाणी पिण्याचा पेला उपडा ठेवून...

फोटोचं म्हणशील तर बघते. तो कपाटात असेल. कपाटाची किल्ली ह्यांच्याकडे असते, आणि हे जरा बाहेर असतात. चौकटी मात्र निळ्याच कर.

भिंगरीचं वाक्य मनाला लावून घेऊ नकोस. म्हणजे घे, पण काम थांबवू नकोस.

अक्का


२२ सप्टेंबर

ती. अक्कास,

नमस्कार. दाजी दोन वर्षांपासून निवृत्त आहेत आणि तुझ्याच म्हणण्याप्रमाणे खुर्चीतून उठत नाहीत. ते "बाहेर" कुठे असतात? असो. कपाट उघड.

कोपरे जमले. बाकी कात्री धरून कागद फिरवताना मी स्वतःही थोडा फिरलो, पण गोलाई आली.

एक नवीन सुचलं आहे. हसू नकोस. मी कुठल्याच फोटोत नाही, पण मी त्या त्या दिवशी कुठे तरी होतोच की. माझ्या खिशातल्या डायऱ्या आहेत, बेचाळीस वर्षांच्या. भिंगरीच्या आईने फोटोंच्या मागे तारखा घातल्या आहेत. मी दोन्ही जुळवतो. तारीख जुळली की त्या फोटोशेजारी एक पुडी लावतो, आपली औषधाची, त्रिकोणी टोक आत खोचलेली. अशा पुड्या मी आयुष्यात किती बांधल्या असतील देव जाणे, डोळे मिटून बांधतो. आत पावडरीऐवजी चिठ्ठी. तिच्या शाळेच्या पळण्याच्या शर्यतीचा फोटो आहे, चिठ्ठीत लिहिलं, "खोकल्याची साथ. एकशे चाळीस बाटल्या भरल्या. तू तिसरी आलीस हे संध्याकाळी कळलं." ती पहिल्यांदा चालली त्याच्या पुडीत लिहिलं, "तुझ्या आईने निरोप पाठवला. मी आनंदात एका बाईला दुप्पट पुड्या दिल्या आणि मग तिच्यामागे बाजारापर्यंत धावलो. म्हणजे त्या दिवशी आपण दोघंही चाललो." दाराबाहेर चपला काढताना काय ऐकलं, तेही नवव्या पुडीत टाकलं.

सदतीस पुड्या झाल्या. वर लेबल: "आठवड्यातून एक. जास्त घेऊ नये."

शेवटचं पान अजून कोरं आहे. फोटो?

तुझा धाकटा


२७ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

"प्रिय" वाचून तुला शंका आली असेल. बरोबर आहे.

तुझं पुड्यांचं वाचून मी रडले. ह्यांनी विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही, धाकट्याला अक्कल आली. आणि मग मला आणखी रडू आलं, कारण आता खरं सांगावं लागणार.

तो फोटो मी कापला.

सतरा वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गाला "माझं कुटुंब" असा तक्ता शिकवायचा होता. नमुना लागतो. खाकी कागदाचं झाड, हिरव्या कागदाची पानं आणि मध्ये घरची माणसं. त्यात तू उभा, सडपातळ, खोडाच्या मापाचा अगदी. तुला खोडावर लावला. भिंगरी गोल, म्हणून तिला नागमोडी कात्रीने कापून फांदीवर फळासारखी लावली. मला वाटलं होतं, तुमच्याकडे दुसरी प्रत आहे. तुमचा नळ फुटला हे मला तू या महिन्यात सांगतोस.

तर सतरा वर्षं तू पाचवीच्या वर्गात भिंतीवर आहेस. हात पुढे केलेले, मध्ये मूल नाही. पोरांना वाटायचं तू अदृश्य ट्रे घेऊन उभा आहेस. तुला "खोडकाका" म्हणायचे. परीक्षेच्या आधी पेन तुझ्या हातांवर टेकवून मग पेपरला बसायचे. मला वाटलं, चांगलं आहे, माझा भाऊ कोणाच्या तरी उपयोगी पडतो.

मी रोज ठरवत होते की सांगावं, आणि रोज तुला गोलाई शिकवत होते. रागाव, पण उत्तर लिही.

अक्का


१ ऑक्टोबर

अक्का,

मी रागावलो आहे. नमस्कार मुद्दाम घातलेला नाही, नीट बघ.

दुसऱ्याचा एकुलता एक फोटो, आणि नागमोडी कात्रीने!

शाळेत जा. तक्ता आण. एकोणीस दिवस उरले आहेत.

धाकटा

ता. क. पेन टेकवून पोरं पास व्हायची का?


९ ऑक्टोबर

धाकट्या,

बरीचशी व्हायची.

शाळेत जाऊन आले. वर्गात तक्ता नव्हता. माझ्या जागी आलेल्या नव्या बाई म्हणाल्या, "ते जुनं झाड ना? फार धूळ होती हो." मी मटकन खाली बसले, पोरांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लागले. शिपायाला दया आली. त्याने नकाशांच्या कपाटामागून गुंडाळी ओढून काढली. झाडाची पानं गळाली होती, आजी-आजोबा उंदराने नेले होते, पण तू खोडाला धरून होतास आणि भिंगरी फांदीला.

घरी आणून किटलीच्या वाफेवर धरलं. दोन मिनिटांत दोघं अलगद सुटलात. खळ म्हणून! गोंद असता तर तू झाडाबरोबर गेला असतास. सोबत पाकिटात दोघांना पाठवते आहे. तुला कोणीतरी पेनाने मिशी काढली आहे, ती निघत नाही. खोडरबराने प्रयत्न केला तर तुझं नाक जायला लागलं, म्हणून थांबले.

आता ऐक. तुकडे शेजारी-शेजारी नुसते चिकटवू नकोस, कापल्याची खूण दिसेल. ओढपट्टी कर. शेवटच्या पानावर तुला बसव. तुझ्या हातांपासून पानाच्या कडेपर्यंत एक आडवी फट काप. पानाच्या मागून पुठ्ठ्याची पट्टी घाल, तिचं टोक दुसऱ्या, तुझ्या बाजूच्या कडेबाहेर राहू दे. पट्टीवर, फटीतून वर येईल असा भिंगरीचा तुकडा लाव. पट्टी ढकलली की ती लांब, ओढली की सरकत तुझ्या हातांत. कापलेलंच कामाला आलं बघ.

खळ फक्त भिंगरीच्या पाठीला, मुगाच्या दाण्याएवढी. पट्टीला एक थेंब लागता कामा नये. मुगाचं वजन करत बसू नकोस.

माफ केलंस का ते लिही.

अक्का


२१ ऑक्टोबर

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार. माफ केलं, पण आता माझीच चूक तुझ्याहून मोठी आहे.

ओढपट्टी सुरेख झाली होती. मी ती साठ वेळा ओढून पाहिली. ही खोलीत शिरली (कडी विसरलो), तिने सात वेळा ओढली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "मिशी बरी दिसते."

मग काल, निघायच्या दिवशी सकाळी, माझ्या डोक्यात आलं की प्रवासात पट्टी निसटून पडली तर? बेचाळीस वर्षं बाटलीचं बूच दोनदा दाबलं, ती सवय. म्हणून भिंगरीला हातांत ओढून घेतली, पट्टीच्या कडेला किंचित खळ लावली आणि वर खलबत्ता ठेवला. किंचित म्हणजे औषधाचे दोन चमचे. तासाभराने ओढून पाहिलं तर ढिम्म. ढकलूनही हलेना. दाराशी गाडी उभी, हॉर्न वाजवते आहे. काय करू? तशीच वही कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली.

तिने विचारलं, "काय आहे?" मला सांगायचं होतं बरंच. तोंडातून निघालं, "पाणी उकळून पी."

ती हसली आणि गेली. अक्का, सगळी वही त्या एका पानासाठी केली आणि तेच बिघडवलं. ती तर पुलांतले दोष काढणारी मुलगी. तिला तूच कळव, वाफेने कसं सोडवायचं ते. मला लाज वाटते.

तुझा धाकटा


१६ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

(प्रत: आत्या)

इथे आल्यापासून अहवालच लिहिते आहे, म्हणून सवयीने आधी तुमचाच लिहिला.

विषय: शेवटच्या पानावरील ओढपट्टीची पाहणी. रचना: वडील एक, हात पुढे केलेले, मिशी मागाहून जोडलेली. मूल एक, कडा नागमोडी. निरीक्षण: पट्टी कोणत्याही दिशेने हलत नाही. मूल वडिलांच्या हातांत पोचून तिथेच थांबलं आहे. कारण: खळ प्रमाणाबाहेर. भार सहन करण्याची क्षमता: मी शब्दकोश ठेवून पाहिला, उत्तम.

आता पुड्यांबद्दल. लेबलावर आठवड्यातून एक लिहिलं होतं. मी पहिली विमानतळावर घेतली आणि उतरेपर्यंत सदतीसच्या सदतीस संपवल्या. शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, हे कसलं औषध? मी म्हटलं, वडिलांनी दिलंय. त्यांनी रुमाल दिला.

नववी पुडी तीनदा वाचली. बाबा, तुम्हाला लागावं म्हणून मी ते बोलले नव्हते. खरं सांगायचं तर थोडं म्हणूनच बोलले होते, फक्त तुम्ही ऐकावं असं वाटत नव्हतं. तुम्ही कोपऱ्यापर्यंत चालत गेलात ते मी खिडकीतून पाहिलं होतं. मला वाटलं, औषध आणायला निघालात. शर्यतीत मी तिसरी नाही, चौथी आले होते. तुम्हाला तिसरी सांगितलं, कारण त्या दिवशी तुम्ही फार दमून आला होतात. तेवढी चिठ्ठी दुरुस्त करून मी पुन्हा पुडीत बांधली. तुमच्यासारखं टोक खोचता येत नाही. सुट्टीत आले की शिकवा.

आत्याचं पत्र आलं. ती म्हणते, किटलीच्या वाफेवर दोन मिनिटं धर, पट्टी सुटेल आणि तू पुन्हा छान मागे-पुढे होशील. किटली आहे माझ्याकडे, या खोलीत तेवढं एकच भांडं आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाणी उकळूनच पिते, सकाळ-संध्याकाळ. किटली लावायच्या आधी मी वही उचलते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी ठेवून येते. वाफ लागायला नको.

तुमची
भिंगरी